नाटकासाठी मुंबईला जाताना मुक्काम कुठे करावा

रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात किंवा मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात दौऱ्यावरची नाटकं येतात, पण उशिरा येतात, एखाद-दुसऱ्या प्रयोगापुरती येतात आणि सगळी येतही नाहीत. प्रायोगिक नाटक, अवजड नेपथ्याचं नाटक किंवा शेवटचे मोजके प्रयोग उरलेलं नाटक बघायचं तर मुंबई गाठावी लागते. कोकणातून जाणारी मंडळी गाडीचं आरक्षण आणि नाटकाचं तिकीट ही दोन कामं मनापासून करतात आणि मुक्कामाचं शेवटी, जे स्वस्त मिळेल त्यात उरकतात. फसतं ते तिथे. नाटक छान होतं, पण नंतर रात्री अकरा वाजता गुडघे धरलेल्या आईला घेऊन टॅक्सीला हात करत उभं राहावं लागतं आणि घरी आल्यावर आठवण राहते ती त्या तासाभराची.

म्हणून मुक्काम शोधताना मुंबईत उतरणार कुठे, हे आधी बघू नका. पडदा पडेल तेव्हा आपण कुठे असू आणि किती वाजले असतील, हे बघा. सकाळी सामान घेऊन अर्धा तास लोकलने जाणं बहुतेकांना जमतं. रात्री जेवण राहिलेलं, पाय दुखताहेत, अशा वेळी तोच अर्धा तास दुप्पट वाटतो.

आधी घड्याळ

व्यावसायिक मराठी नाटकांचे प्रयोग साधारण तीन वेळांना लागतात: सकाळी साडेदहा-अकरा, दुपारी साडेतीन-चार आणि रात्री आठ-साडेआठ. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तास चालतं. तिसरी घंटा पाच-दहा मिनिटं पुढे सरकते, हेही धरा. म्हणजे चारचा प्रयोग पावणेसातपर्यंत सुटतो आणि साडेआठचा अकरा-सव्वाअकराला. गर्दीतून बाहेर पडून रस्त्यावर यायला आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात.

रात्री अकरानंतर मुंबईत काय चालू असतं? लोकल असते, मध्यरात्र उलटेपर्यंत. टॅक्सी असते. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ मात्र रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून ‘मेट्रोने दहा मिनिटांत पोचाल’ असं हॉटेलवाले सांगतात. जाताना ते खरं आहे, रात्रीच्या प्रयोगानंतर परतताना नाही. नकाशावर मेट्रो स्टेशन बघून खोली घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट रिक्षाची. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला सायनच्या पुढे दक्षिण मुंबईत रिक्षा येत नाही. दादर, माटुंगा, प्रभादेवी, गिरगाव इथे काळी-पिवळी टॅक्सी, अॅपवरची गाडी, बेस्टची बस किंवा आपले पाय. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, पुढे किलोमीटरला वीस रुपयांच्या थोडं वर, आणि रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. आता हिशोब करा. दादरला नाटक आणि मुक्काम ठाण्यात असेल तर अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मीटरने पाचशेच्या वर आणि बारानंतर साडेसहाशेच्या घरात, तेही टॅक्सीवाला इतक्या लांब यायला तयार झाला तर. ठाण्याची खोली दादरपेक्षा चारशे रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली असेल, तर ते चारशे त्या एका फेरीत गेले.

रात्रीची खोली लागतेच का?

हा प्रश्न कोकणातल्या माणसाने सगळ्यात आधी स्वतःला विचारावा, कारण आपल्या सोयीच्या गाड्या रात्रीच्या आहेत. कोकणकन्या पहाटे साडेपाच-पावणेसहाला सीएसएमटीला पोचते. तुतारी पावणेसातच्या सुमारास दादरला येते. परतीला कोकणकन्या सीएसएमटीहून २३.०५ ला सुटते, तुतारी दादरहून ००.०५ ला. तिकीट काढताना वेळा पुन्हा तपासा, विशेषतः पावसाळ्यात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो.

दुपारी चारचा प्रयोग आणि परतीला तुतारी असा बेत असेल, तर रात्र गाडीत जाते. तुम्हाला खोली हवी आहे ती सकाळी आंघोळ करून दोन तास पाठ टेकायला आणि सामान ठेवायला. शिवाजी मंदिरचा रात्री आठचा प्रयोगही यात बसतो. तो पावणेअकरा-अकराला सुटतो, दादर स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तुतारीला तासभर हातात राहतो. मात्र आठच्या प्रयोगानंतर दादरला कोकणकन्या पकडायचा बेत करू नका. ती सव्वाअकराच्या सुमारास दादरला येते. शेवटचा प्रवेश चालू असताना घड्याळ बघत उठावं लागेल, आणि त्यासाठी एवढा प्रवास कशाला करायचा?

दिवसापुरत्या जागेचे तीन मार्ग आहेत. पहिला रेल्वेची रिटायरिंग रूम. ती कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर मिळते आणि तुमचा प्रवास जिथे सुरू होतो किंवा संपतो त्या स्टेशनवरच मिळते. म्हणून सीएसएमटीची खोली हवी असेल तर तिकीट दादरपर्यंतचं न काढता सीएसएमटीपर्यंतचं काढा. इथे बरेच जण अडकतात. दुसरा मार्ग पॉडचा, म्हणजे एका माणसापुरत्या झोपायच्या कप्प्याचा. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये आणि सीएसएमटीला २०२२ मध्ये झोपायचे पॉड सुरू झाले. एकट्या-दुकट्या माणसाला स्वच्छ आणि पुरेसे आहेत. वरच्या पॉडमध्ये शिडीने चढावं लागतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांसाठी खालचा मिळत असेल तरच विचार करा. तिसरा मार्ग चोवीस तासांच्या हिशोबाचा लॉज. सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. तुम्ही रात्री साडेअकराला सोडलीत तरी पूर्ण भाडं जातं, पण आठच्या प्रयोगाआधी अंग टेकायला आणि नंतर हातपाय धुऊन गाडीत बसायला जागा राहते. घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर आमची पसंती याला.

‘दुपारी बारा ते सकाळी अकरा’ असा हिशोब असलेलं हॉटेल पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांना सोयीचं नाही. पहाटे सहाला पोचून बारापर्यंत लॉबीत बसावं लागतं, किंवा ‘अर्ली चेक-इन’चे वेगळे पैसे मोजावे लागतात. मांडवी किंवा वंदे भारतने रात्री साडेनऊ-साडेदहाला पोचणाऱ्यांना मात्र हेच हॉटेल चालतं, कारण त्यांना झोपच हवी असते आणि नाटक दुसऱ्या दिवशीचं असतं. फक्त ‘आम्ही रात्री अकराला येऊ’ हे आधी फोनवर सांगून ठेवा, नाहीतर काही ठिकाणी खोली दुसऱ्याला दिलेली असते.

गाडी आधी, नाटक नंतर: तारखांचा पेच

गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नाटकाच्या तारखा मात्र पुष्कळदा दोन-तीन आठवडे आधीच कळतात, आणि तिकीटविक्री तर त्याहून उशिरा सुरू होते. म्हणजे कोणत्या नाट्यगृहात जायचं हे कळायच्या आधी गाडी ठरवावी लागते. यावर उपाय असा: सोयीचा शनिवार-रविवार धरून जाण्या-येण्याची गाडी काढून ठेवा. खोली दादर परिसरात आणि पैसे न कापता रद्द करता येईल अशी घ्या, मग ती पाच-दहा टक्के महाग असली तरी हरकत नाही. जाहिराती आल्या की नाटक निवडा. नाटक ठाण्याचं किंवा बोरिवलीचं निघालं तर दादरची खोली सोडून तिकडची घ्या. तिकिटं बुकमायशो आणि तिकिटालय यांवर मिळतात. मुंबईत कुणी आपलं असेल तर नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर जाऊन, प्लॅन बघून तिकीट काढायला सांगा. बारी बहुधा सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडी असते.

प्रयोग रद्द होणं किंवा पुढे जाणं नाटकात घडतं. कलाकार आजारी पडला की दुसरा इलाज नसतो. म्हणून एका प्रयोगासाठी तीन रात्रींचे पैसे आगाऊ भरून टाकू नका.

दादर

एकापेक्षा जास्त नाटकं बघायची असतील किंवा मुंबईची फारशी माहिती नसेल, तर दादरलाच राहा. १९६५ पासून चालू असलेलं शिवाजी मंदिर दादर पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृहासमोर आहे. यशवंत नाट्य मंदिर तिथून साधारण दीड किलोमीटरवर, माटुंगा रोड स्टेशनच्या पश्चिमेला. रवींद्र नाट्य मंदिर प्रभादेवीला, सिद्धिविनायकाजवळ, दादरहून दोनेक किलोमीटर. एका खोलीत राहून तिन्ही नाट्यगृहं हाताशी येतात. पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल मार्ग इथे मिळतात, त्यामुळे पार्ले किंवा मुलुंडचं एखादं नाटक दुपारचं असेल तर तेही जमतं.

पूर्वेला राहायचं की पश्चिमेला? लॉज दोन्हीकडे आहेत. पूर्वेला, हिंदू कॉलनी आणि दादर टीटीच्या बाजूला, गल्ल्या शांत आहेत. पश्चिमेला गजबज आहे, पण नाट्यगृहं त्याच बाजूला. आमचं मत पश्चिमेच्या बाजूने पडतं, कारण रात्री स्टेशनचा पादचारी पूल चढावा लागत नाही. पूर्वेची खोली शंभर-दोनशेने स्वस्त असते, पण तो जिना नाटकाला जाताना एकदा आणि येताना एकदा चढायचा-उतरायचा असतो. तरुण मंडळी असाल तर खुशाल पूर्वेला राहा.

कोकणच्या गाड्या दादरला मध्य रेल्वेच्या बाजूला लागतात. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. लॉजवाल्याने जुन्या क्रमांकाने खूण सांगितली तर गोंधळ होतो. ‘पश्चिमेला फूलबाजाराकडे उतरायचं की प्लाझाकडे’ एवढंच विचारा.

फूलबाजाराचं नाव निघालंच आहे, तर खोली घेताना खिडकी कुठे उघडते ते विचारल्याशिवाय राहू नका. मंडईच्या बाजूला पहाटे चारच्या आधीपासून टेम्पो लागतात, झेंडू-शेवंतीच्या गोण्या धपाधप खाली पडतात, हमालांच्या आरोळ्या आणि पाटीवाल्यांचं ‘बाजू, बाजू’ उजाडेपर्यंत चालू राहतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते सगळं पलंगाशेजारी चालल्यासारखं ऐकू येतं. रात्रीचा प्रयोग बघून बाराला झोपलेला माणूस चारला उठतो. त्यापेक्षा रानडे रोडच्या आतल्या गल्ल्या किंवा गोखले रोडच्या पुढचा, शिवाजी पार्ककडचा भाग बघा. तिथे खोल्या कमी आणि भाडं थोडं जास्त, पण झोप मिळते.

जेवणाचंही आधी ठरवा. अकराला प्रयोग सुटल्यावर दादरमधल्या बऱ्याच मराठी खानावळींची आवराआवर चालू असते. साडेआठच्या प्रयोगाला जाण्याआधी सात वाजता नीट जेवून घ्या. दादर पश्चिमेला आस्वाद, प्रकाश अशी नावाजलेली ठिकाणं आहेत. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा असतोच, पण पंधरा मिनिटांत रांग, वडा आणि स्वच्छतागृह तिन्ही होत नाही. दोघांनी कामं वाटून घ्या.

रवींद्रला नाटक असेल तर प्रभादेवीतच खोली घ्यावी का? तिथे साधे लॉज कमी आहेत आणि चांगली हॉटेलं महाग. दादरला राहून टॅक्सीने जाणं परवडतं. फक्त मंगळवार असेल, त्यातही अंगारकी, तर सिद्धिविनायकाच्या गर्दीत टॅक्सी अडकते. तेव्हा अर्धा तास जास्त ठेवा किंवा मेट्रोने सिद्धिविनायक स्टेशनवर उतरून चालत या. परळ-प्रभादेवी जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. त्यामुळे ‘परळला नातेवाईक आहेत, पूल ओलांडला की रवींद्र’ हा जुना हिशोब आता गाडीने जाणाऱ्यांसाठी तितका सरळ राहिलेला नाही. आणि परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या अखेरीस बंद झालं. जुन्या आठवणीवर तिथला मुक्काम धरू नका.

ठाणे, मुलुंड, पार्ले, बोरिवली, गिरगाव

गडकरी रंगायतन ठाणे पश्चिमेला तलावपाळीच्या काठी, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. डागडुजीनंतर ते ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. तिथलं नाटक असेल तर ठाण्यातच स्टेशन परिसरात राहा, दादरला जायची गरज नाही. कोकणकन्या आणि तुतारी दोन्ही ठाण्याला थांबतात. तुतारी मध्यरात्रीनंतर ठाण्याला येते, त्यामुळे गडकरीच्या रात्रीच्या प्रयोगानंतरही ती मिळते. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह मात्र ठाण्यात असलं तरी स्टेशनपासून बरंच आत आहे. रिक्षा किंवा बस धरावी लागते, आणि रात्री सुटल्यावर रिक्षासाठी सगळे एकदमच बाहेर येतात. तिकीट ‘ठाणे’ बघून काढलं असेल तर कोणतं नाट्यगृह ते दोनदा वाचा.

मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहाला ठाण्याचा मुक्काम चालतो, मुलुंड ठाण्याला लागूनचंच स्टेशन.

पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर आणि जुहूचं पृथ्वी यांच्यासाठी पार्ले-अंधेरी पट्टा. विमानतळ जवळ असल्यामुळे खोल्या भरपूर आहेत, पण भाडी चढी. इथे रिक्षा मिळते, त्यामुळे स्टेशनला चिकटून राहायची सक्ती नाही. पृथ्वीला उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत आणि जागा आधी येणाऱ्याला आधी मिळते. दादरहून निघून जुहूच्या वाहतुकीत अडकण्यापेक्षा त्या दिवशी जवळच राहणं शहाणपणाचं. पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी भरलं की पूर्वेहून पश्चिमेला जाणं अवघड होतं. म्हणून नाट्यगृह रुळांच्या ज्या बाजूला, खोलीही त्याच बाजूला घ्या. दादरच्या पूर्वेला हिंदमाता आणि माटुंग्याला गांधी मार्केट यांनाही हेच लागू.

बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह एसटीने किंवा खासगी बसने येणाऱ्यांना सोयीचं, कारण कोकणातल्या बऱ्याच गाड्या बोरिवलीपर्यंत जातात. त्या पट्ट्यात नातेवाईकही पुष्कळांचे असतात. तिथलं नाटक असेल तर दादरला उतरूच नका.

गिरगावचं साहित्य संघ मंदिर, जवळचं रॉयल ऑपेरा हाऊस आणि नरिमन पॉइंटचं एनसीपीए यांसाठी फोर्ट, सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या आसपास राहा. रात्री हा भाग लवकर शांत होतो, टॅक्सी मात्र मिळते. अलिबागकरांनी हे नक्की लक्षात ठेवावं: रात्रीचा प्रयोग सुटल्यावर मांडव्याला परत जायला बोट नसते, आणि पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटी बंदच असतात. दुपारचा प्रयोग किंवा मुक्काम, यातलं एक निवडावं लागतं.

पेण, माणगाव, महाडच्या मंडळींनी मुंबईआधी पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आणि वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह इथल्या जाहिराती बघाव्यात. तेच नाटक तिथे लागत असेल तर दुपारचा प्रयोग बघून रात्री घरी पोचता येतं आणि मुक्कामाचा खर्चच वाचतो.

फोनवर काय विचारायचं

संकेतस्थळावरच्या फोटोत खोली नेहमी मोठी दिसते. फोन करा आणि पुढचं विचारा.

रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो? नाटकवाल्यांसाठी हा पहिला प्रश्न. धर्मशाळा, भक्तनिवास, ज्ञातिसंस्थांची वसतिगृहं स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण बऱ्याच ठिकाणी दहा-साडेदहाला फाटक लागतं. ‘उघडतील हो’ या भरवशावर राहू नका. चौकीदाराला सांगून ठेवता येतं का आणि त्याला कोण सांगणार, हे आधीच पक्कं करा.

लिफ्ट आहे का, आणि ती रात्री चालू असते का? जुन्या इमारतींत लॉज तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतो आणि लिफ्ट अकराला बंद करतात.

गरम पाणी किती ते किती? अनेक लॉजमध्ये सकाळी सहा ते दहाच असतं. दुपारी दोनला खोलीत पोचून आंघोळ करून नाटकाला जायचं असेल तर उपयोग नाही.

संडास कमोडचा की भारतीय? खोलीत की बाहेर? वयस्कर माणसं असतील तर संकोच न करता विचारा.

खिडकी आहे का? काही खोल्या मोठ्या खोलीत प्लायवूडची भिंत घालून केलेल्या असतात. खिडकी असली तरी ती डक्टमध्ये उघडते आणि शेजारच्या खोलीतलं खोकणंसुद्धा ऐकू येतं.

सांगितलेला दर करासकट का? सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. जास्तीची गादी, तिसरा माणूस, लहान मूल यांचे वेगळे पैसे आताच विचारून घ्या आणि सगळं एका मेसेजवर लिहून मागा.

ओळखपत्राचा पेच अनेकांना ठाऊक नसतो. मुंबईतली बरीच हॉटेलं मुंबईचा पत्ता असलेल्या आधार कार्डावर खोली देत नाहीत. तुमचा पत्ता कुडाळचा किंवा गुहागरचा असेल तर अडचण नाही. पण मुंबईत नोकरीला असलेला मुलगा ‘मीही तुमच्याबरोबर राहतो’ म्हणून आला आणि त्याच्या आधारवर डोंबिवली असेल, तर काउंटरवर हुज्जत होते. स्थानिक पत्ता चालतो का ते आधी विचारा. खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा.

नातेवाईक आणि गावची खोली

कोकणात असं घर विरळा की ज्याचं मुंबईत कुणी नाही. नातेवाइकांकडे राहणं आनंदाचं, पण त्यांचं घर नाट्यगृहापासून किती लांब, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. रात्रीच्या प्रयोगानंतर विरार किंवा बदलापूरला जायचं तर घरात शिरायला साडेबारा-एक होतो, आणि यजमान जेवण झाकून वाट बघत असतात. त्यांच्याकडे जायचंच असेल तर सकाळचा किंवा दुपारचा प्रयोग घ्या, त्यांनाही नाटकाला बरोबर न्या. रात्रीचाच प्रयोग असेल तर ती एक रात्र लॉजवर काढून दुसऱ्या दिवशी जेवायला जा. कुणी रागावत नाही, उलट सुटकेचा श्वास सोडतात.

परळ, लालबाग, गिरगाव, डोंगरी या भागांत अनेक गावांच्या मंडळांच्या खोल्या अजून आहेत. एका खोलीत चाकरमान्यांच्या ट्रंका ओळीने लावलेल्या, भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, संध्याकाळी वळकट्या पसरायच्या आणि सकाळी गुंडाळायच्या. गावचा माणूस म्हणून पुरुषांना तिथे दोन रात्री अंग टेकता येतं. कुटुंब घेऊन राहण्याची मात्र तिथे सोय नसते. आधी मंडळाच्या कार्यवाहांना कळवा, अंथरूण-पांघरूण आपलं न्या, रात्री उशिरा येणार हे सांगून ठेवा आणि मंडळाला वर्गणी देऊन निघा. पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्या वेळेत आंघोळ आटपा.

या तारखा टाळा किंवा आधी घ्या

६ डिसेंबरच्या आधीचे दोन-तीन दिवस चैत्यभूमीला येणाऱ्या अनुयायांमुळे दादर पूर्ण भरलेलं असतं आणि खोल्या मिळत नाहीत. गणपतीत आपण गावीच असतो; पण अनंत चतुर्दशीनंतर लगेच परतलात आणि त्याच दिवसांत नाटक धरलंत, तर गाडीच मिळणार नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी दक्षिण मुंबईपासून माहीमपर्यंतचे रस्ते बंद असतात. सकाळी अकराच्या प्रयोगाला टॅक्सीने जायचा बेत असेल तर तो लोकलवर आणा.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा कमी ठेवण्याची वेळ, हा सगळ्यात मोठा अडथळा, कारण नाटकंही रविवारीच जास्त असतात. मध्य रेल्वेवर तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, आणि तेवढ्यात चारच्या प्रयोगाची वेळ निघून जाते. शुक्रवार-शनिवारी त्याची घोषणा होते, ती वाचाच. ठाण्यात राहून रविवारी दादरला चारचा प्रयोग बघणार असाल तर दीडलाच निघा. दादरला राहिलात तर तिथल्या नाटकांपुरता ब्लॉकशी तुमचा संबंध येत नाही.

निघायच्या दिवशी

नाट्यगृहात मोठ्या बॅगा ठेवायची सोय नसते आणि खुर्च्यांच्या रांगेत सूटकेस मावत नाही. खोली सोडल्यावर रात्रीपर्यंत सामान ठेवाल का, हे लॉजवाल्याला आदल्या दिवशी विचारा. बहुतेक ठेवतात. नाहीतर रेल्वेची क्लोकरूम आहे. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. नुसत्या चेनची पिशवी किंवा दोरीने बांधलेला खोका घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलपं घरूनच न्या.

परतीच्या तुतारीचं तिकीट काढताना तारीख नीट लावा. गाडी ००.०५ ला सुटते, म्हणजे रविवारी रात्री नाटक बघून जी गाडी पकडायची ती कॅलेंडरवर सोमवारची असते. रविवारची तारीख घातलीत तर ती गाडी शनिवारी मध्यरात्रीच निघून गेलेली असेल.